प्रगत स्तन-कर्करोग, व्यायाम आणि स्त्रियांचे जीवनमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उपचार घेणाऱ्या स्त्रीने विश्रांती घ्यावी की हालचाल करावी, हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. वस्तुतः या प्रश्नालाही शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्यातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे. तसेच ज्यांचा रोग हाडे, यकृत, फुप्फुसे अशा अवयवांत पसरला आहे त्या स्त्रियांचा विचार या इतिहासात सर्वांत शेवटी का झाला, याचा शोध घेतला आहे.

शस्त्रक्रिया आणि हाताचा प्रश्न

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथीही काढल्या जात. ही पद्धत पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. तिच्यामुळे अनेक स्त्रियांचा खांदा आखडत असे व हातावर कायमची सूज येत असे. या सुजेची दखल खुद्द हाल्स्टेड यांनी १९२१ मध्ये घेतली. पुढे ‘त्या हाताने जड उचलू नये, तो फार वापरू नये’ हा सल्ला रूढ झाला.

या परंपरेला पहिला छेद एका रुग्ण स्त्रीने दिला. न्यूयॉर्क येथील टेरेस लॅसर यांच्यावर १९५२ मध्ये ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना त्या रुग्णालयात जाऊन भेटत आणि रबरी चेंडू व दोरी यांच्या साहाय्याने हाताचे व्यायाम शिकवीत. काही डॉक्टरांना हा हस्तक्षेप रुचला नाही; तथापि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम स्वीकारला. मात्र येथे व्यायामाचा हेतू हात पूर्ववत करणे एवढाच मर्यादित होता.

हाताकडून संपूर्ण शरीराकडे

१९८० च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठातील परिचर्या-संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला. केमोथेरपीमुळे येणारा थकवा विश्रांतीने कमी होतो की वाढतो? १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दुसऱ्या अवस्थेतील स्तन-कर्करोगाच्या ४५ स्त्रियांचा समावेश होता. दहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा स्थिर सायकल चालविणाऱ्या गटाची शारीरिक क्षमता लक्षणीयरीत्या वाढली. थकलेल्या रुग्णाला केवळ विश्रांती हेच औषध, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

हाताविषयीची भीती मात्र कायम होती. १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डॉन मॅकेन्झी यांनी उपचार पूर्ण झालेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हविण्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी कोणाच्याही हातावर नवी सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये कॅथ्रिन श्मिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्रमाक्रमाने वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये सूज बळावण्याचे प्रमाण उलट कमी आढळले. रूढ सल्ला पुराव्यापेक्षा भीतीवर अधिक आधारलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

प्रगत अवस्थेतील स्त्रिया

वरील अभ्यासांचा भर प्रामुख्याने बऱ्या होऊ शकणाऱ्या किंवा उपचार संपलेल्या स्त्रियांवर होता. प्रगत अवस्थेतील स्त्रिया मागे राहण्याची दोन कारणे दिसतात. रोगाने पोखरलेले हाड व्यायामात मोडेल ही भीती हे पहिले कारण. ती निराधार नव्हती. दुसरे कारण यशाच्या मोजमापाचे. ‘रोग परत आला का, स्त्री किती वर्षे जगली’ एवढेच मोजले, तर जिचा रोग बरा होणार नाही तिच्या व्यायामाला प्रयोजन उरत नाही. १९९३ मध्ये युरोपीय संशोधकांनी कर्करुग्णांसाठी ३० प्रश्नांची जीवनमान-प्रश्नावली प्रसिद्ध केली. थकवा, वेदना, झोप, दैनंदिन कामे यांविषयी रुग्ण स्वतः उत्तर देऊ लागला आणि ते उत्तर संशोधनाचा पुरावा ठरू लागले.

२००४ मध्ये अमेरिकेतील परिचारिका-संशोधकांनी चौथ्या अवस्थेतील स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केमोथेरपी घेणाऱ्या या स्त्रियांनी घरी चित्रफीत पाहून, खुर्चीत बसून, आठवड्यातून तीन वेळा व्यायाम करावयाचा होता. दोन्ही गटांचे जीवनमान घसरले. परंतु व्यायाम करणाऱ्या गटाची घसरण मंद होती व थकव्यातील वाढही कमी होती. २०१६ मध्ये बोस्टन येथून प्रसिद्ध झालेल्या १०१ स्त्रियांच्या अभ्यासात मात्र निर्णायक फरक आढळला नाही. २०२४ मध्ये युरोपातील पाच देश व ऑस्ट्रेलिया येथील ३५७ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या गटाचा थकवा कमी झाला व जीवनमान सुधारले. हाडांत रोग पसरलेले अनेक रुग्णही त्यात सहभागी होते. त्यापूर्वीच, २०२२ मध्ये, अशा रुग्णांच्या व्यायामाविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशी आल्या होत्या. सरसकट मनाई न करता प्रत्येक रुग्णाचा धोका तपासून व्यायाम ठरवावा, असा त्यांचा आशय होता.

समारोप

या इतिहासात व्यायामाचा विचार प्रथम हातापुरता, नंतर शरीरापुरता आणि अखेरीस जगण्याच्या प्रतीपर्यंत पोहोचला. २००४ च्या अभ्यासाने सुधारणा दाखविली नाही. घसरण मंदावल्याचे दाखविले. जुन्या मोजपट्टीवर याला यश म्हटले गेले नसते. परंतु ज्या स्त्रीला आणखी काही आठवडे स्वतःच्या पायांनी घरात वावरता येते, आपली कामे आपण करता येतात, तिच्या दृष्टीने हा लाभ अल्प नाही. वैद्यकाला हे उमगण्यासाठी नव्या औषधाची नव्हे, तर त्या स्त्रीलाच प्रश्न विचारण्याची गरज होती, हेच या इतिहासाचे महत्त्वाचे सूत्र होय.