शंकरपटात बरोबरीची टक्कर कशी ठरते? गट, घड्याळ आणि कायद्याचे नियम सोप्या भाषेत

धानाची मळणी उरकली, की भंडारा जिल्ह्यातल्या गावांना शंकरपटाचे वेध लागतात. लेकी-जावई माहेरी येतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं आणि दिवसा मोकळ्या शेतात बैलजोड्या धावतात. पण गर्दी पांगल्यावर पारावर एकच वाद उरतो. जिंकलेली जोडी खरंच वेगवान होती, की नियमच तिच्या बाजूचे होते?

हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिखलणी-नांगरणी करून पटात उतरलेली घरची जोडी आणि फक्त पटासाठी विकत घेऊन खुराकावर वाढवलेली महागडी जोडी एकाच रेषेवर उभी केली, तर निकाल झेंडी पडायच्या आधीच लागलेला असतो.

शंकरपट म्हणजे नेमकं काय?

पूर्व विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट किंवा नुसतं 'पट' म्हणतात. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात आणि त्यावर धुरकरी बसतो. पटाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात दोन जोड्या शेजारच्या दोन पट्ट्यांवरून एकाच वेळी सुटतात आणि आधी पोहोचेल ती जिंकते. दुसऱ्यात जोडी घड्याळाशी स्पर्धा करते आणि सर्वांत कमी वेळ घेणारी जोडी पहिली येते.

गट का पाडावे लागतात?

हा प्रश्न फक्त बैलांपुरता नाही. मोटारींच्या ऑटोक्रॉसमध्येही गाड्यांचे वर्ग पाडतात. अमेरिकेत 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका'च्या ऑटोक्रॉसमध्ये दणकट इंजिनाच्या मसल कारसाठी वेगळा वर्ग आहे. त्यात टायरवरही बंधन आहे. फार मऊ रबराचे टायर रस्त्याला घट्ट धरतात, पण लवकर झिजतात. त्यांना मुभा दिली, तर दर वेळी नवे टायर घेऊ शकणाराच जिंकेल.

बैलांच्या शर्यतीत हेच काम दात करतात. पश्चिम महाराष्ट्रात 'आदत', 'दुसा', 'चौसा' असे गट असतात. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला गोऱ्हा, दुसा म्हणजे दोन कायमचे दात आलेला आणि चौसा म्हणजे चार दातांचा. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते. वय सांगताना मालक वर्षभर इकडे-तिकडे करू शकतो, पण दात खोटं बोलत नाहीत.

विदर्भात खुल्या गटासोबत गावच्या किंवा परिसरातल्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे घरच्या जोडीलाही बक्षिसाची आशा राहते. मात्र 'गावची जोडी' म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर पटाच्या आदल्या रात्री बाहेरून आणलेली जोडीही गावचीच ठरते.

जोडीचा पट की घड्याळाचा?

दोन जोड्या एकत्र सोडण्यात थरार जास्त, पण अडचणीही जास्त. एक पट्टी भुसभुशीत आणि दुसरी कडक असू शकते. एका बाजूला गर्दीचा गोंगाट अधिक असू शकतो. शेजारची जोडी आडवी आली, तर चूक कोणाची यावर भांडण होतं. यावर सोपा उपाय म्हणजे पट्टी चिठ्ठीने ठरवणं किंवा पट्ट्या बदलून दोनदा धावणं.

घड्याळाने हे वाद कमी होतात. आता अनेक ठिकाणी सेन्सरचं घड्याळ असतं आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. जोडीने सुरुवातीची रेषा ओलांडली, की घड्याळ सुरू होतं. त्यामुळे झेंडी लवकर पडली की उशिरा, हा मुद्दाच राहत नाही. पण मातीचा प्रश्न उरतो. सकाळी पट्टी घट्ट असते, दुपारपर्यंत उखडते. म्हणून धावण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून काढणं आणि ठरावीक जोड्यांनंतर पट्टी सारखी करणं गरजेचं ठरतं. छकड्यांच्या वजनातही फरक असतो. सगळ्यांना आयोजकांचेच छकडे दिले, तर तो फरक मिटतो.

कायदा काय सांगतो?

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना शर्यतीत धावण्यासाठी नाही, असं न्यायालयाने म्हटलं होतं. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतींसाठी नियम आणले. तरीही प्रकरण न्यायालयात अडकलं. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांनुसार शर्यती घ्यायला परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला.

यातल्या मुख्य अटी अशा:

- जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी.
- धावण्याचं अंतर १,००० मीटरपेक्षा जास्त नको.
- पशुवैद्यकाने बैल तपासलेले असावेत.
- काठी, चाबूक, पराणी किंवा विजेचा धक्का देणारं साधन वापरता येत नाही.
- उल्लंघन केल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बैलाला न मारण्याचा नियम न्याय्य स्पर्धेचाही कसा?

या अटींकडे अनेक पटशौकीन सरकारी कटकट म्हणून पाहतात. पण एका धुरकऱ्याने चोरून तुतारी टोचली आणि तो जिंकला, तर पुढच्या पटात प्रामाणिक धुरकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. हरायचं किंवा आपणही टोचायचं. म्हणजे छळाला सूट मिळाली, की चांगला बैल आणि चांगली तालीम यांची किंमतच संपते. शिवाय मोटारीचा मालक स्वतःच्या मर्जीने मैदानात उतरतो. बैलाला तशी निवड नसते. त्याच्या वाट्याचा न्याय माणसांनाच नियमात लिहावा लागतो.

निकाल कोण देणार?

पंचांची स्वतःची किंवा नातलगांची जोडी त्या गटात नसावी. रेषेवर कॅमेरा असावा. तक्रार किती वेळात करायची आणि जोडी कशामुळे बाद होईल, हे नावनोंदणीच्या वेळीच वाचून दाखवावं. जोड्या धावल्यानंतर बनवलेला नियम कितीही योग्य असला, तरी तो कोणाच्या तरी विरुद्ध बनवलाय असंच वाटतं.

कोर्टाने वाट मोकळी केली आहे, पण ती अटींवर. घटनापीठाने नियमांच्या काटेकोर पालनाची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. गावात मात्र ती सुरू होते पट समितीच्या पहिल्या बैठकीत, नियमांचा कागद समोर ठेवला जातो तेव्हा.