पैनगंगेच्या काठाने : ढाणकीमार्गे चार दिवसांचा रस्ताप्रवास

मुंबई, पुणे, नाशिककडचा प्रवासी मोटारीने विदर्भात येतो तो बहुधा शेगाव, ताडोबा किंवा नागपूरसाठी. यवतमाळ जिल्ह्याचे दक्षिण टोक त्याच्या नकाशावर नसते. पैनगंगा नदी जिथे विदर्भ आणि मराठवाडा यांच्यातील सीमा आखत वाहते, तिथे उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजारपेठेचे गाव आहे. जंगल, धबधबा, देवस्थान आणि दोन वेगळ्या धाटणीची खाद्यसंस्कृती, असे सारे या गावाच्या आसपास एका-दोन दिवसांत पाहता येते. मात्र त्यासाठी प्रवासाची आखणी थोडी वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

सहलीचा आराखडा करताना आपण सर्वप्रथम किलोमीटर मोजतो. द्रुतगती मार्गावर हा हिशेब बरोबर ठरतो, आतल्या रस्त्यांवर तो साफ चुकतो. तिथे तीन गोष्टी मोजाव्या लागतात : हाताशी असलेला उजेड, नदीचे पाणी आणि जेवणाची वेळ. या तिन्हींची सांगड घालणारा चार दिवसांचा कार्यक्रम पुढे दिला आहे.

केव्हा जावे?

सहस्रकुंडाचा धबधबा भरून वाहतो तो जुलै ते सप्टेंबरमध्ये. परंतु नदीवरचे पूल पाण्याखाली जाण्याचा काळही तोच. म्हणून दसऱ्यानंतर ते जानेवारीअखेर हा काळ सर्वांत सोयीचा. पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबरात धबधब्याला पाणी असते, रस्ते कोरडे झालेले असतात आणि डोंगरांतील सीताफळे बाजारात येतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उमरखेड, महागाव भागात हळद काढून शिजवण्याची लगबग असते आणि शेताशेतांतून तिचा उग्र वास येतो. एप्रिल-मेमध्ये ऊन इतके कडक असते की दुपारचा प्रवास टाळलेलाच बरा.

दिवस पहिला : कारंजापर्यंत

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे या मार्गावरून उतरावे. मुंबईकरांना हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, तर नागपूरकरांना दीडशेच्या आसपास पडते. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, म्हणून दर दोन तासांनी थांबावे. निघण्यापूर्वी टायरची स्थिती व हवेचा दाब तपासून घ्यावा. खाण्याचा डबा आणि पाणी बरोबर असू द्यावे.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना परिचित आहे. येथील जुनी जैन मंदिरेही पाहण्याजोगी आहेत. पहिला मुक्काम येथेच करावा आणि अंधार पडण्याआधी गावात पोहोचावे.

दिवस दुसरा : मानोरा, पोहरादेवी, पुसद, उमरखेड

सकाळची न्याहारी विदर्भाच्या पद्धतीने करावी. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, सोबत गरम आलूबोंडा. न्याहारीनंतर मानोरा तालुक्यातील पोहरादेवीकडे वळावे. संत सेवालाल महाराजांचे हे समाधिस्थान बंजारा समाजाची काशी मानले जाते. रामनवमीच्या यात्रेला येथे देशभरातून भाविक येतात. गर्दी नको असेल त्यांनी ते दिवस टाळावेत. बंजारा समाजाची वाटचाल मांडणाऱ्या नगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्यासाठी दोन तास राखून ठेवावेत.

पुढे दिग्रसमार्गे पुसद. जवळचे गहुली हे वसंतराव नाईक यांचे जन्मगाव. १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सांभाळले. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. दुपारचे जेवण पुसदला घ्यावे. ज्वारीची भाकरी, झुणका, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, हे या भागातील खरे जेवण. पाटवडीचा रस्सा मिळाला तर सोडू नये; पण तिखट बेताने हवे असल्यास आधीच सांगावे. संध्याकाळपर्यंत उमरखेड गाठून मुक्काम करावा. तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ येथूनच जातो.

दिवस तिसरा : ढाणकी आणि नदीपलीकडे

या प्रवासाचा गाभा म्हणजे हा दिवस, म्हणून उजाडताच निघावे. उमरखेडपासून ढाणकी सुमारे वीस किलोमीटर आहे. भोवतालच्या खेड्यांसाठी ढाणकी ही खरेदी-विक्रीची पेठ आहे. पर्यटकांसाठी मांडलेले येथे काही नाही आणि तेच या गावाचे आकर्षण आहे. आठवडी बाजाराचा वार उमरखेडच्या मुक्कामी विचारून घ्यावा. तो साधता आला तर अंबाडीची भाजी, गावरान वाण्याची डाळ, हळकुंडे आणि ऋतूप्रमाणे रानमेवा, असे सारे एका ठिकाणी पाहायला व विकत घ्यायला मिळते.

जेवणाबाबत एक गोष्ट शहरी प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. लहान गावात स्थानिक पदार्थ हॉटेलच्या फळ्यावर नसतात, ते घरात असतात. आयत्या वेळी गेलेल्याला वडा-पाव, पनीर आणि नूडल्स मिळतात. कारण मागणी त्यांचीच असते. आदल्या संध्याकाळी एखाद्या खानावळीत माणसांची संख्या कळवून ठेवली, तर भाकरी, वरण, रोडगे किंवा गोळाभात आवर्जून केले जातात. रोडगे निखाऱ्यावर भाजायला वेळ लागतो, त्यामुळे ते तासाभरात मागू नयेत. सांगितलेले जेवण रद्द करावे लागले, तर वेळेत कळवावे आणि झालेला खर्च द्यावा. दहा माणसांचे अन्न वाया गेले की ती खानावळ पुढच्या पाहुण्याला नकारच देणार.

ढाणकीच्या पूर्वेस बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य पसरले आहे. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौरस किलोमीटर भरते. जंगल मुख्यतः सागाचे. अस्वल, बिबट्या, नीलगाय, चितळ यांचा येथे वावर आहे. वनविभागाच्या परवानगीखेरीज आत शिरू नये. सूर्यास्तानंतर या पट्ट्यातून गाडी चालवू नये, कारण वन्य प्राणी रस्ता ओलांडतात आणि मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही.

ढाणकीहून गांजेगावच्या पुलावरून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर लागते. याचे जुने नाव वाढोणा. येथील परमेश्वर मंदिर प्रसिद्ध आहे. नदी ओलांडताना आपण केवळ जिल्हा बदलत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तेव्हापासून १९४७ पर्यंत अलीकडचा काठ इंग्रजी अमलाचा, तर पलीकडचा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा होता. पुढचा किनवटचा भाग तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. हा इतिहास आजही ताटात दिसतो. अलीकडे तर्रीपोहे, तर पलीकडे चुरमुऱ्यांचा सुशीला. अलीकडे वडाभात व गोळाभात, तर पलीकडे मसालेदार तहरी आणि उडदाचे घट्ट वरण. एकाच दिवसात दोन्ही काठांची चव घेण्याची संधी अशा सीमेवरच मिळते.

हिमायतनगरहून किनवटच्या दिशेने इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. काळ्या कातळाच्या अनेक फटींमधून पैनगंगा येथे खाली कोसळते. मंदिर आणि धबधब्याचे दर्शन नांदेडच्या बाजूने घेता येते. पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्ह्यातील मुरली हे गाव आहे.

येथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने घ्यावी. नदीच्या वरच्या बाजूस इसापूरचे मोठे धरण आहे. धबधब्यावर आकाश निरभ्र असले, तरी धरणातून विसर्ग सुरू झाला किंवा वर पाऊस पडला, तर पाणी वाढते. कोरडा दिसणारा कातळ शेवाळाने निसरडा असतो आणि प्रवाहाच्या मध्यावर गेलेल्याला परतीची वाट उरत नाही. छायाचित्रासाठी कठडा ओलांडू नये, मुलांचा हात सोडू नये आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. गांजेगावच्या पुलालाही हाच नियम लागू आहे. पुलावरून पाणी जात असेल, तर ते कितीही उथळ दिसो, गाडी घालू नये. मागे फिरून हदगावमार्गे हिमायतनगर गाठावे. या वळशाचे दोन तास आराखड्यात आधीच धरून ठेवले, की पुलापाशी धाडस करण्याचा मोह होत नाही. अर्थात मोठ्या पुरात इतर मार्गांवरही पाणी येऊ शकते. अशा वेळी तो दिवस उमरखेडलाच काढावा.

सहस्रकुंडाहून दुपारी तीनच्या आत निघून किनवटमार्गे माहूरला मुक्कामी जावे.

दिवस चौथा : माहूर आणि परतीचा रस्ता

माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. रेणुकामातेचे दर्शन पहाटे घ्यावे. देवीचा तांबूल प्रसाद म्हणून मिळतो. दत्तशिखर, अनसूया शिखर, रामगड किल्ला आणि पांडवलेणी यांसाठी अर्धा दिवस पुरतो. नवरात्र आणि दत्तजयंतीच्या काळात खोली आधी ठरवल्याशिवाय निघू नये.

नागपूरकरांनी येथून आर्णी, यवतमाळ, वर्धामार्गे परतावे. वर्ध्याचा गोरसपाक सोबत घेता येईल. मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनी महागाव, उमरखेडमार्गे नांदेडला जावे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये येथे देहावसान झाले. महाराजा रणजितसिंगांनी बांधवून घेतलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये सर्वांना जेवण मिळते. पंगतीत बसून घेतलेले ते साधे जेवण ही या प्रवासाची योग्य सांगता ठरते.

हे लक्षात ठेवा

* मोठ्या रस्त्यावर ताशी ७०-८० किलोमीटर धरा, आतल्या रस्त्यांवर ३० ते ३५ पेक्षा अधिक धरू नका.
* इंधनाची टाकी उमरखेडला भरून घ्या. ऑनलाइन पैसे सर्वत्र चालतीलच असे नाही; सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.
* नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि मार्गातील गावांची नावे कागदावर लिहून घ्या. वाट विचारताना तीच उपयोगी पडतात.
* जुलै ते सप्टेंबरमध्ये निघण्यापूर्वी इसापूर धरणाच्या विसर्गाची बातमी पाहा.
* दिवसात दोनपेक्षा अधिक मोठी ठिकाणे ठेवू नका. एक ठिकाण राहून गेले, तर पुढच्या खेपेचे निमित्त होते.
* प्लास्टिकचा कचरा गाडीत परत आणा. जंगलाकाठी आणि नदीकाठी तो उचलायला दुसरे कोणी नसते.