पडद्याआडच्या युद्धनौका आणि शब्दांचे पडदे

शब्द अर्थ प्रकट करतात, असे आम्ही आयुष्यभर वर्गात सांगत आलो. लष्कराला मात्र पुष्कळदा शब्द हवे असतात ते अर्थ झाकण्यासाठी. १९१५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने चिलखती वाहनांसाठी समिती नेमली. त्या वाहनांना 'भूनौका' म्हणत. परंतु या नावानेच गुपित फुटले असते. म्हणून पाण्याच्या टाक्या बनत आहेत, अशी हूल उठविण्यात आली आणि 'टँक' हे नाव रूढ झाले. या इंग्रजी शब्दाचा माग कोशकार पोर्तुगिजांबरोबरच आपल्या 'टाके' व गुजराती 'टांकी'पर्यंत नेतात. गडावरच्या टाक्याचे नाव रणगाड्याला मिळावे, हे बडोदेकरांनी तरी विसरू नये!

गुप्ततेची परिसीमा गाठली ती जपानने. १९३७ च्या नोव्हेंबरात कुरे येथे 'यामातो'ची व १९३८ च्या मार्चमध्ये नागासाकी येथे 'मुसाशी'ची बांधणी सुरू झाली. ही नावे मागाहूनची; बांधणीच्या काळात त्या केवळ 'क्रमांक एक' आणि 'क्रमांक दोन'. नागासाकी डोंगरउतारावर वसलेले. घराघरांतून बंदर दिसे. तेव्हा गोदीभोवती जाड दोरांचे प्रचंड पडदे टांगले. त्यापायी बाजारातला दोर असा नाहीसा झाला की कोळ्यांनाही टंचाई जाणवली. १ नोव्हेंबर १९४० रोजी, जलावतरणाच्या दिवशी, हवाई हल्ल्याच्या सरावाची सबब सांगून नागरिकांना घरात बसविले. जहाज पाण्यात उतरताच उसळलेली लाट मात्र पलीकडच्या किनाऱ्यावरील घरांत शिरली. तिला कोण अडविणार?

तोफांचे प्रकरण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या नळीचा व्यास ४६ सेंटिमीटर. अधिकृत नावात तो ४०! दोरांचे पडदे पुढे उतरले. हा आकड्याचा पडदा युद्ध संपेपर्यंत टिकला. पण उपयोग काय? विमानांपुढे त्या तोफा निष्प्रभ ठरल्या. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या सिबुयान समुद्रात अमेरिकन विमानांनी 'मुसाशी' बुडविली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. वाचलेल्या खलाशांना इतरांपासून वेगळे ठेवण्यात आले, कारण आता जहाज बुडाल्याची वार्ता हेच गुपित झाले होते. ते जहाज आपल्याकडे होते, हेही बहुसंख्य जपानी जनतेला तोवर ठाऊक नव्हते.