हूटर, दिवा आणि विल्यम हॉय

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये आमचं सॉफ्टवेअर बसवायचं काम चाललं होतं. मशीन अडकलं की हूटर वाजेल, असा प्रोग्रॅम मी लिहिलेला. टेस्टिंगला हूटर बोंबलतोय आणि मशीनवरचे दादा निवांत पुढचा जॉब पुसतायत! मला वाटलं, मुद्दाम दुर्लक्ष करतायत. सुपरवायझर म्हणाले, "अरे, त्यांना ऐकू येत नाही. दिवा लाव की!"

दिवा जोडायला अर्धा तास लागला. पण तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता, हे जास्त लागलं. त्यानंतर शोधताना मला सापडला विल्यम हॉय.

हॉयचा जन्म १८६२ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि ऐकू येणं गेलं. कोलंबसच्या कर्णबधिर शाळेत तो पहिल्या नंबरानं पास झाला आणि गावी येऊन चपला-बूट शिवायचं दुकान चालवू लागला. उन्हाळ्यात तिकडची माणसं अनवाणीच फिरायची, त्यामुळे धंदा थंड. मग दुकानाबाहेर पोरांबरोबर बेसबॉल. तिथून तो पगारी खेळाडू झाला.

आता अडचण काय होती, बघा. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूनंतर अंपायर 'बॉल' की 'स्ट्राइक' ते सांगतो, आणि तेव्हा ते फक्त ओरडून सांगायचे. निकाल काय लागला हे बघायला हॉय मान वळवायचा, तेवढ्यात पिचर पुढचा चेंडू टाकून मोकळा! हॉयनं मग तिसऱ्या बेसजवळच्या कोचला सांगून ठेवलं: स्ट्राइक असेल तर उजवा हात वर कर, बॉल असेल तर डावा. बास, एवढंच.

पुढचं रेकॉर्डवर आहे. १८८८ मध्ये वॉशिंग्टनकडून मोठ्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी ८२ बेस चोरून नॅशनल लीगमध्ये पहिला आला. बेस चोरणं म्हणजे आपल्या क्रिकेटमधली चोरटी धावच समजा. १८८९ मध्ये एकाच सामन्यात त्यानं आउटफिल्डमधून थेट फेकी करून तीन जणांना होम प्लेटवर बाद केलं. १९०२ पर्यंत खेळला, दोन हजारांवर हिट्स मारले. उंच झेल घेताना तो एक बारीक आवाज काढायचा. तो आवाज आला की सहकारी समजायचे, झेल याचा.

आणि या माणसाला लोक म्हणायचे काय? 'डमी'. म्हणजे मुका. त्या काळी कर्णबधिर खेळाडूंना सर्रास हेच नाव चिकटवायचे. न्यूयॉर्कचा पिचर ल्यूथर टेलर, तोही 'डमी'च. १९०२ च्या मे महिन्यात हे दोघे समोरासमोर आले तेव्हा त्यांनी एकमेकांना हातांच्या खुणांनी नमस्कार केला.

अंपायरचे आजचे हातवारे हॉयमुळेच आले, असं बरेच जण ठामपणे सांगतात. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. बिल क्लेम या अंपायरलाही ते श्रेय दिलं जातं. मला त्या भांडणात पडायचं नाही. हॉयनं कुणाकडे दया मागितली नाही, माहिती मागितली. जी बाकी नऊ-दहा जणांना फुकट मिळत होती तीच. मला एवढं पुरेसं आहे.

हे फक्त जुन्या काळातलं नाही, बरं का. कर्णबधिरांच्या डेफलिम्पिक्समध्ये खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं आणि शर्यत दिव्याच्या इशाऱ्यावर सुटते. २०२२ मध्ये ब्राझीलला झालेल्या या स्पर्धेत महाराष्ट्राच्या प्रियेशा देशमुखनं धनुष श्रीकांतबरोबर एअर रायफलच्या मिश्र गटात सोनं जिंकलं. आपल्यातल्या कितीजणांनी तिचं नाव ऐकलं होतं? मी तरी नाही.

१९६१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटीच्या मैदानावर एका सामन्याचा मानाचा पहिला चेंडू ९९ वर्षांच्या हॉयनं टाकला. त्याच डिसेंबरमध्ये तो गेला.

परवा त्या शॉपमध्ये परत गेलो होतो. कॉम्प्रेसरच्या आवाजात सगळ्यांच्याच कानात इअरप्लग होते. मशीन अडकलं, आणि चारही ऑपरेटरनी एकदमच वर बघितलं. दिव्याकडे.

भेटू पुढच्या भागात.