नवजात शिशूची शुश्रूषा

जन्मापासून पहिल्या २८ दिवसांतल्या बाळाला वैद्यकात नवजात म्हणतात. या काळात नेहमी दिसणाऱ्या तक्रारी म्हणजे अंग गार पडणे, श्वासाला त्रास होणे, कावीळ, जंतुसंसर्ग, रक्तातली साखर उतरणे आणि दूध ओढता न येणे. त्यांत परिचारिकेने घ्यायची काळजी हा या नोंदीचा विषय आहे. औषध डॉक्टर ठरवतात, पण बाळाचे चोवीस तास सिस्टरच्या डोळ्यांसमोर जातात आणि बाळ बिघडत चालले आहे हे बहुतेक वेळा आधी तिच्याच लक्षात येते. नवजाताला दुखणे सांगता येत नाही आणि फार आजारी असेल तर रडताही येत नाही. म्हणून येथे नजर ठेवणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात, त्यामुळे त्या नजरेला उशीर परवडत नाही.

उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेचे, दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावरचे पडेगाव घ्या. तेथले बाळ आजारी पडले आणि खाजगी दवाखान्याचा खर्च झेपणारा नसला, की घरची माणसे छावणी ओलांडून घाटीत येतात. घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. पडेगावच्या बाळाशेजारच्या खाटेवरचे बाळ जालना, बीड किंवा बुलढाण्याकडच्या एखाद्या गावातून आलेले असू शकते. नातेवाईक फोनवर ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ एवढेच सांगतात. पेटीभोवती काय काय चालते ते त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

ऊब : नवजाताच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. जन्मतः ओल्या असलेल्या बाळाचे अंग काही मिनिटांत गार पडू लागते. वजन कमी असेल तर कातडीखाली फारशी चरबी नसते आणि गारठा आणखी लवकर चढतो. गारठलेले बाळ ऑक्सिजन आणि साखर जास्त खर्च करते, मग त्याची साखर उतरते, श्वास मंदावतो, दूध ओढायचे त्राण उरत नाही. एका साध्या दुर्लक्षातून तीन आजार उभे राहतात. म्हणून प्रसूतिगृहाचे तापमान २५ ते २८ अंश ठेवायचे, पंखा बंद करायचा, बाळ लगेच कोरडे करून ओले फडके बाजूला टाकायचे आणि बाळ आईच्या उघड्या पोटावर-छातीवर ठेवायचे. पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकलायची. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बाळाला थंडी कशी वाजेल, असे घरच्यांना वाटते. पण त्याच महिन्यात बाळंतिणीच्या खाटेसमोर कूलर लावलेला असतो आणि त्याचा झोत थेट बाळावर येत असतो.

थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हा सिस्टर आईला एक खूण शिकवते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि तळवे गार असतील तर बाळ गारठू लागले आहे. पोटही गार लागले तर दवाखाना गाठायचा. ही खूण पडेगावातल्या पत्र्याच्या खोलीत जितकी चालते तितकीच अतिदक्षता कक्षातही चालते. वॉर्मर या वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवलेल्या बाळाच्या पोटावर चिकटवलेला तापमानाचा प्रोब सुटला, तर यंत्राला बाळ गार आहे असे वाटते आणि ते तापतच राहते. ते आधी ध्यानात येते ते हात लावून पाहणाऱ्या सिस्टरच्या.

कमी वजनाच्या बाळासाठी सर्वांत भरवशाची ऊब आईच्या अंगाची. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या पुरेनात म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी बाळे आयांच्या छातीशी उभी बांधायला सुरुवात केली. हीच आजची कांगारू पद्धत. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालतात. आईच्या दोन स्तनांच्या मध्ये ते बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून ठेवतात आणि वरून पदर किंवा रुंद पट्टा बांधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एक किलो ते १.८ किलोच्या आत वजन असलेल्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरले, तर २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात दिसले. तरीही कित्येक ठिकाणी आईला कक्षाच्या काचेबाहेरच उभे केले जाते. ही रीत बदलायला हवी. आईला दम लागला तर बाप, आजी किंवा मावशीनेही बाळ छातीशी धरावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

श्वास : दहा बाळांपैकी साधारण एकाला जन्मतः श्वास सुरू करायला थोडीफार मदत लागते. जन्मानंतरचे पहिले मिनिट निर्णायक असते. कोरडे करणे, पाठीवरून हात फिरवणे आणि मान योग्य स्थितीत आणणे एवढ्यावर बाळ रडले नाही, तर त्याच मिनिटात पिशवी आणि मास्कने, मिनिटाला ४० ते ६० या वेगाने, हवा द्यायला लागायचे. त्यासाठी पिशवी कोठे आहे हे शोधायला लागता कामा नये. २००९ साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात परिचारिकांना हेच हातात पुतळा देऊन शिकवतात. मात्र हा सराव अधूनमधून पुन्हा केला नाही तर हात विसरतो.

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असू शकतात. असे बाळ कण्हते, नाकपुड्या फुलवते आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात. त्याला नाकातल्या बारीक नळ्यांतून दाबाखाली हवा देतात. या नळ्यांनी नाकाच्या मधल्या पडद्याची कातडी सोलली जाऊ नये म्हणून ती वरचेवर पाहणे, पोटात साठलेली हवा नळीने काढणे आणि तोंड ओले ठेवणे हे काम सिस्टरचे. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याला मात्रा असते. कच्च्या बाळाच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत राखायचे. आकडा १०० दिसला की नातेवाईकांना बरे वाटते, पण जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात.

कावीळ : पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि कमी दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा येतो. बहुतेकांचा तो आपोआप उतरतो. मात्र पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ कधीच साधी समजू नये. बिलिरुबिन फार चढले तर ते मेंदूत शिरते. त्यातून बाळ वाचलेच तर बहिरेपण आणि हालचालींवरचा ताबा बिघडवणारे कायमचे अपंगत्व मागे राहू शकते. अडचण अशी की कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि तोवर बाळंतीण घरी गेलेली असते. पाचवीच्या पूजेच्या धांदलीत, मंद उजेडाच्या खोलीत, बाळाचा रंग कोण पाहणार?

निळ्या प्रकाशाचा उपचार एका परिचारिकेच्या निरीक्षणातून निघाला. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कच्च्या बाळांचा कक्ष सांभाळत आणि बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे सगळे अंग फिकट झाले होते, फक्त चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोणी तुकडा गडद पिवळा राहिला होता. त्याचा धागा धरून तेथले डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाचे यंत्र तयार केले आणि १९५८ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. विशिष्ट निळ्या प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनची रचना बदलते आणि ते शी-शूतून बाहेर पडू शकते. या दिव्याखालच्या बाळाचे डोळे झाकायचे, पट्टी नाकावर सरकली नाही ना हे पाहायचे, तापमान घ्यायचे, रोज वजन करायचे आणि दूध वरचेवर पाजायचे. पाजण्यासाठी बाळ थोडा वेळ बाहेर काढले तर बिघडत नाही. दिव्याखाली आणल्यावर कातडीच्या रंगावरून अंदाज बांधायचा नाही, रक्तच तपासायचे. सिस्टर वॉर्ड यांचे निरीक्षण खरे असले, तरी घरी कोवळ्या उन्हात बाळ धरून कावीळ उतरवण्यावर विसंबू नये. प्रकाशाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गारठते किंवा भाजते, आणि दवाखान्यात न्यायचा दिवस हातचा जातो.

दूध आणि साखर : ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्यानंतर बसतो. त्याआधीच्या बाळाला आईचे काढलेले दूध पाजतात, फार कच्चे असेल तर पोटातल्या नळीने, थोडे मोठे असेल तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बोंडल्याने पाजण्यात कसब आहे. बाळ जागे असावे, डोके उंच असावे, चोच खालच्या ओठावर टेकवून थेंब-थेंब सोडावे, आणि पहिला घोट गिळला हे पाहिल्याशिवाय दुसरा देऊ नये. घाईने ओतलेले दूध फुप्फुसात जाते. बोंडले दर वेळी उकळलेले हवे. बाटली नकोच. आईला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढायला बसवावे लागते. बाळ दिसत नसताना पान्हा आटतो, म्हणून तिला बाळाजवळ आणणे हाही शुश्रूषेचाच भाग. आईचे दूध अपुरे पडल्यास दुग्धपेढीचे निर्जंतुक केलेले दूध देतात. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. रक्तातली साखर डेसिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली तर ती उतरली असे आपल्याकडे धरतात. कमी वजनाच्या किंवा मधुमेही आईच्या बाळाची साखर लक्षणांची वाट न पाहता तपासतात.

जंतुसंसर्ग : नवजाताच्या संसर्गात ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडू शकते. दूध ओढणे थांबणे, निपचित पडणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, नाळेच्या मुळाशी लाली या खुणा. श्वास मोजताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण नवजाताचा श्वास मध्येच थांबत-थांबत चालतो.

या बाबतीत महाराष्ट्राने जगाला धडा दिला. गडचिरोलीत १९८६ साली काम सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, तापमान घेत, श्वास मोजत आणि संसर्ग ओळखून तोंडावाटे औषध व जेंटामायसिनची इंजेक्शने देत. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू २५ पर्यंत उतरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून गृहाधारित नवजात काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ती त्यामुळेच.

घरच्या रिवाजांशी परिचारिकेची गाठ रोज पडते. अंगाला हलक्या हाताने तेल लावणे निरोगी बाळाला चालते. घुटी, मध, नाळेवर राख किंवा हळद, डोळ्यांत काजळ, बंद खोलीत धुरी हे मात्र बंद करावे. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला चटके देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. आजीला चारचौघांत झापून यातले काही थांबत नाही. तिला शेजारी बसवून बाळाची छाती कशी उडते ते दाखवले, तर तीच पुढे शेजारणीला दाखवते.

मनुष्यबळ : विशेष नवजात कक्षात दर पाळीला तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असे शासनाचे निकष सांगतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. विजेची जोडणी तपासणे, आग विझवण्याची साधने आणि रात्रपाळीत कक्षात कोणीतरी सतत असणे हा शुश्रूषेचा पाया आहे. नवा वॉर्मर लवकर येतो आणि त्याचे उद्घाटन होते. परिचारिकेचे रिकामे पद भरले जाणे त्याहून गरजेचे आहे.

घरी पाठवताना : बाळ तोंडाने दूध घेऊ लागले, वजन रोज वाढू लागले आणि आईच्या छातीशी तापमान टिकू लागले की त्याला घरी सोडतात. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाटेत बाळाला गुंडाळण्यापेक्षा आईच्या छातीशी धरणे चांगले.

दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्याचा पडदा वयाच्या तिसाव्या दिवसाच्या आत तपासून घ्यावा लागतो, फारच लहान बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढण्याच्या आजारात डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो आणि बाळ छान दूध पीत असते, म्हणून पालक परत येत नाहीत. वेळेत लेझर केले तर दृष्टी वाचते, काही आठवडे उशीर झाला तर वाचत नाही. सुटीच्या कार्डावर सिस्टरने लिहून दिलेली ती तारीख पाळा, बाळ कितीही ठणठणीत दिसत असले तरी.