लोखंडाच्या मळीचं सिमेंट

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एक काळाकुट्ट किल्ला आहे. लढाईशी त्याचा संबंध नाही. विल्यम रीव्ह नावाच्या तांब्याच्या कारखानदाराने १७६०च्या दशकात आपल्या बंगल्यासमोर तबेले आणि कचेऱ्यांसाठी ही हौशी वास्तू बांधली. तिच्या भिंती तांबं गाळून उरलेल्या मळीच्या ठोकळ्यांच्या आहेत. लेखक होरेस वॉलपोलने ती पाहिली आणि तिला सैतानाचं कॅथेड्रल ठरवलं. शेरा हेटाळणीचा होता, पण अडीचशेहून जास्त वर्षांचे पावसाळे खाऊन त्या भिंती आजही उभ्या आहेत.

धातू गाळला की मळी निघतेच. आपल्याकडे आयुर्वेदातल्या रसशास्त्राने तिचाही उपयोग शोधला होता. जुन्या लोहारभट्ट्यांच्या जागी सापडणारं लोखंडाचं किट्ट भाजून, खलून वैद्य मंडूरभस्म करत आणि शंभर वर्षं जुनं किट्ट उत्तम मानत. पण गावातल्या भट्टीचं किट्ट टोपलीभर असतं. कोकवर चालणाऱ्या झोतभट्ट्या आल्या आणि मळीचे डोंगर उभे राहिले.

झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी पडत राहते. खनिजातली माती-वाळू चुनखडी आपल्याकडे ओढून घेते. तळाशी वितळलेलं लोखंड जमतं आणि त्याच्यावर हलकी मळी तरंगते. कारखान्यात तिला स्लॅगच म्हणतात. एक टन लोखंडामागे साधारण ३०० किलो स्लॅग निघते. भारतीय खनिजात ॲल्युमिना जास्त असल्यामुळे आपल्याकडे हे प्रमाण आणखी चढतं.

इंग्लंडच्या ईशान्येला टीज नदीच्या मुखाशी १८५०नंतर भट्ट्यांची रांगच लागली. स्लॅग टाकायला जागा पुरेना. त्याच वेळी नदीच्या मुखावर बंधारा हवा होता. १८६१ ते १८८४ या काळात तिथे साउथ गेअर हा बंधारा उभा राहिला. त्यात सुमारे ५० लाख टन स्लॅग गेली आणि सिमेंट लागलं फक्त १८ हजार टन. स्लॅग फुकट मिळालीच, वर ती उचलून नेल्याबद्दल कारखानदारांनी पैसेही मोजले.

याच भागात जोसेफ वुडवर्डने १८७२मध्ये स्लॅगच्या विटा पाडायला सुरुवात केली. फिरत्या चाकावरच्या साच्यांत उकळता रस ओतायचा, वीट धरू लागली की काढून बंद भट्टीत सावकाश निववायची. घाई केली तर वीट काचेसारखी तडकते. निळसर करड्या, तुळतुळीत अशा त्या विटा मागच्या गल्ल्यांत आणि गटारांच्या कडेला बसल्या. घोड्यांच्या नालांनी त्या झिजत नव्हत्या आणि पाणी शोषत नव्हत्या.

ब्रिस्टल असो वा टीज, इथवर स्लॅगचा उपयोग दगडासारखाच झाला. तिच्यात सिमेंट दडलंय हे कळलं जर्मनीत. १८६२मध्ये एमिल लांगेन याच्या लक्षात आलं, की वितळलेली स्लॅग पाण्याच्या माऱ्याखाली एकदम थंड केली, तर तिची वाळूसारखी काचमय कणी होते. ही कणी दळून चुन्यात कालवली की मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं. सगळी करामत निवण्याच्या वेगात आहे. स्लॅग हळूहळू निवली तर स्फटिक बनतात आणि तिचा नुसता दगड होतो. क्षणात निवली तर अणूंना रचना लावायला सवडच मिळत नाही. ती अस्वस्थ काच चुन्याचा किंवा सिमेंटचा आधार मिळताच पाण्याशी क्रिया करू लागते.

शोध लागला म्हणून बाजाराने तो लगेच उचलला नाही. १८८२मध्ये गोडहार्ड प्र्यूसिंगने पोर्टलंड सिमेंटमध्ये दळलेली स्लॅग मिसळून पाहिली. पण जर्मन सिमेंट उत्पादकांच्या संघटनेच्या लेखी ही सरळसरळ भेसळ होती. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, कारण नाव सिमेंटचं आणि माल भलताच, असे प्रकार तेव्हा होत होते. वर्षानुवर्षं चाचण्या आणि वाद चालले. ३० टक्क्यांपर्यंत स्लॅग असलेल्या सिमेंटला मानक मिळालं १९०९मध्ये, त्याहून जास्त स्लॅगच्या सिमेंटला १९१७मध्ये. एका चांगल्या मालाला अर्धं शतक दाराबाहेर ताटकळावं लागलं.

त्या काळात कार्बनचा हिशेब कुणी मांडत नव्हतं. आज तोच हिशेब स्लॅगची किंमत ठरवतो. सिमेंटचं क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं तो भाजलेला माल, करताना चुनखडी सुमारे १४५० अंशांना भाजावी लागते. इंधनाचा धूर होतोच, पण त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे हे सगळं मिळून सुमारे ८०० ते ९०० किलो भरतं. स्लॅगमधल्या चुनखडीने आपला वायू झोतभट्टीतच सोडलेला असतो, त्यामुळे पुढे फक्त वाळवण्या-दळण्याची ऊर्जा लागते. अर्थात, तो वायू लोखंडाच्या खात्यावर मांडलेला असतो, नाहीसा झालेला नसतो. स्लॅग सिमेंटला हिरवं म्हणताना ही नोंद कुणी विसरू नये.

नेदरलँड्सने या सिमेंटवर सर्वांत मोठा विश्वास टाकला. १९५३च्या वादळी पुरात तिथे १८३६ माणसं बुडाली. त्यानंतर हाती घेतलेल्या समुद्रबांधकामांतला ईस्टर्न शेल्ड खाडीच्या तोंडावरचा अडसर १९८६मध्ये खुला झाला. त्याच्या ६५ अजस्र खांबांसाठी स्लॅगचं प्रमाण भरपूर असलेलं सिमेंट वापरलं, कारण अशा काँक्रीटमध्ये खारं पाणी फार सावकाश शिरतं आणि आतली सळई गंजण्यापासून वाचते. आयुष्य धरलं २०० वर्षं.

भारतात जमशेदपूरच्या भट्टीतून १९११मध्ये पहिलं लोखंड आलं. स्लॅग सिमेंटचं भारतीय मानक, आयएस ४५५, निघालं १९५३मध्ये. पुढे भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९मध्ये पेटली आणि शेजारच्या जामुलला १९६५मध्ये सिमेंटचा कारखाना उभा राहिला. आजच्या मानकानुसार या सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग चालते. तरी साइटवर कुरकुर असतेच: सुरुवातीची ताकद हळू येते, सेंटरिंग लवकर काढता येत नाही. तक्रार खरी आहे, पण उपाय सोपा आहे. पाणी जास्त दिवस मारायचं आणि धीर धरायचा. असं काँक्रीट ताजं फोडलं तर आत निळसर-हिरवी झाक दिसते. स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांची ती खूण हवा लागली की मावळते.

पोलाद करताना निघणारी स्लॅग मात्र वेगळ्या स्वभावाची. तिच्यातला मोकळा चुना पाणी मिळताच फुगतो आणि वरचं बांधकाम उखडतो. म्हणून तिला सिमेंटमध्ये थारा मिळाला नाही, ढीग साचत गेले. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने तिच्यावर प्रक्रिया करून खडी बनवायची पद्धत बसवली आणि २०२२मध्ये सुरतजवळ हजिऱ्याला त्या खडीचा सहापदरी रस्ता झाला. पाठोपाठ मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूर टप्प्यात, डोलवीच्या पोलाद कारखान्यातली सुमारे ८० हजार टन स्लॅग वापरून एक किलोमीटरचा पट्टा तयार झाला. कोकणच्या पावसात तो कसा टिकतो, याकडे डोळे लावून बसावं असाच हा प्रयोग आहे. तिथे जितकी खडी वाचली, तितका सह्याद्रीचा दगड फोडायचा वाचला.

युरोपात मात्र आता स्लॅगच आटत चालली आहे. टीजकाठच्या रेडकारची भट्टी २०१५मध्ये विझली, वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ला. तिथे विद्युतभट्टी येणार, आणि भंगार वितळवणाऱ्या त्या भट्टीची स्लॅग लांगेनच्या कणीसारखी वागत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक वाट काढली आणि २०२४मध्ये ती ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधलं जुनं सिमेंट वेगळं करायचं आणि विद्युतभट्टीत चुन्याच्या जागी घालायचं. त्याचा कार्बन कधीच निघून गेलेला असतो. पोलाद शुद्ध होतं आणि वर तरंगणारी स्लॅग झटपट निववून दळली की क्लिंकरच हाती येतं. अवघड काम आहे ते जुनं सिमेंट वाळू-खडीपासून स्वच्छ सोडवण्याचं, आणि सध्या सगळा कस तिथेच लागतो आहे.