रुळांपासून दूरचे नेसरी

मिरज–कोल्हापूर रेल्वे 1891 साली सुरू झाली, तरी तिचे रूळ कोल्हापुरातच थांबले आणि गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावांचे दळणवळण सडकेवरच अवलंबून राहिले. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली सरकारी एसटी धावली आणि 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर या भागालाही त्या व्यवस्थेची वाट मोकळी झाली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगावकडून कोल्हापूर जिल्ह्यात आला, त्यामुळे गडहिंग्लज आणि चंदगड यांच्या दरम्यानचे नेसरी एकाच जिल्ह्याच्या दोन तालुक्यांना जोडणारे गाव ठरले. अशा गावांच्या दळणवळणात आगार, म्हणजे गाड्या ठेवण्याचे व दुरुस्तीचे ठिकाण, हा एसटीच्या नियोजनाचा कणा. सहा किलोमीटरचा एक ‘टप्पा’ धरून भाडे ठरते. खेड्यांच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाची योजना मुक्कामी गाडीची: संध्याकाळी शेवटच्या गावी पोचलेली बस चालक-वाहकासह तिथेच रात्र काढते आणि पहाटे विद्यार्थी, दुधाच्या किटल्या व बाजारकरी घेऊन तालुक्याकडे निघते. निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबाने अशा फेऱ्या बंद करणे हा त्या गावांवर अन्यायच होय.